आधी इतिवृत्त, मग सभा

आमच्या शिक्षक संघटनेची सभा दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी साडेचारला भरते, आणि तिचं इतिवृत्त त्याच दिवशी सकाळी लिहून तयार असतं. कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिलं, चर्चा किती खेळीमेळीत झाली, आभार कोणी मानले, सगळं त्यात असतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. एकोणीस वर्षं ते मीच लिहीत होते, त्यामुळे मला वाटायचा तर प्रश्नच नव्हता.

याचं मूळ शिक्षण कार्यालयाच्या खिडकीत आहे. कागद घेणारी ही खिडकी आठवड्यातून एकदा, बुधवारी उघडते आणि दुपारी बाराला बंद होते. सभा शाळा सुटल्यावरच घेता येते. म्हणजे सभा झाली, इतिवृत्त लिहिलं, तरी कागद खिडकीत पडायला पुढचा बुधवार उजाडणार. फार पूर्वी एकदा काहीतरी तातडीचं होतं. काय ते आता कुणालाच आठवत नाही. तेव्हा अगदी अपवाद म्हणून इतिवृत्त सकाळीच लिहून खिडकीत दिलं आणि संध्याकाळी त्याबरहुकूम सभा घेतली. ती सभा इतकी सुरळीत पार पडली, की आधी सभा घेण्याचा धोका आम्ही पुन्हा कधी पत्करला नाही.

ही युक्ती आमच्या सचिवांची. त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठीमागे एकमत. कारण त्यांच्या कारकिर्दीत एकही ठराव एकमताशिवाय मंजूर झाला नाही. चित्रकलेच्या सरांनी एकदा विरोध नोंदवायला हात वर केला होता. एकमतांनी त्यांना प्रेमाने समजावलं, की आपल्या संघटनेत हात वर करणं म्हणजे अनुमोदन. सरांचा हात वरच होता, तो तसाच मोजला गेला.

माणूस उंच, काटकुळा, खिशाला तीन पेनं आणि काखेत कायम एक फाइल. फाइलशिवाय त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं. व्हरांड्यातून ते असे लगबगीने जायचे, की पलीकडच्या टोकाला कुणीतरी महत्त्वाचं ताटकळत असावं. पलीकडच्या टोकाला आमच्या शाळेत फक्त पाण्याची टाकी आहे.

शब्दांची प्रतवारी हा त्यांचा खरा विषय. सर्वांत खाली चिंता, तिच्यावर नाराजी, मग तीव्र नाराजी, मग निषेध, आणि सर्वांत वर तीव्र निषेध. मुलींच्या शौचालयाला दार नव्हतं, त्यावर आम्ही अकरा वर्षं चिंता व्यक्त केली. बाराव्या वर्षी ती नाराजीवर नेली, तेव्हा एकमत दोन दिवस कुणाशी धड बोललेही नाहीत, इतकं ते पाऊल त्यांना मोठं वाटलं होतं. तीव्र निषेध मात्र एकोणीस वर्षांत दोनदाच बाहेर काढला. एकदा एका वर्गाचं छत खाली आलं तेव्हा, आणि एकदा कार्यालयातल्या बैठकीत साहेबांना बसायला खुर्ची दिली नाही तेव्हा.

मी सहसचिव झाले ती दोन कारणांनी. कार्यकारिणीवर एक तरी बाई हवी होती आणि माझं अक्षर चांगलं होतं. माझं मत विचारायची वेळ कधी आली नाही, कारण सगळ्यांची मतं मीच सकाळी लिहून ठेवलेली असायची. सभा सहावीच्या वर्गात भरते. बाकं दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी केलेली, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे थेट हनुवटीला टेकतात. त्या बाकावर बसून कुणीही फार वेळ तात्त्विक विरोध करू शकत नाही. सुरुवातीला मी इतिवृत्त मोठ्याने वाचायची, म्हणजे आपण आज काय ठरवणार आहोत हे सगळ्यांना कळायचं. मग ते ठरायचं. मग चहा यायचा.

एकमत शिकवायचे का, असं कुणी विचारेल. वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे सहावीचं गणित होतं. पण संघटनेचं काम असं काही अंगावर यायचं, की तो तास रोज विज्ञानाच्या बाई घ्यायच्या. एकदा अचानक तपासनीस आले आणि बाई नेमक्या प्रयोगशाळेत होत्या, तेव्हा एकमतांना वर्गात उभं राहावं लागलं. पाचावर धारण बसली होती, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘विषय क्रमांक एक: अपूर्णांकांची बेरीज’. मग वर्गाकडे वळून सूचना मांडली, की अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतात, आणि अनुमोदन कोण देतंय असं विचारलं. छत्तीस हात वर झाले. बेरीज मंजूर झाली. तपासनीसांनी शेरा दिला, विद्यार्थ्यांचा सहभाग उल्लेखनीय.

इतकं सांगून झाल्यावर एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मलाच झोप लागणार नाही. हा माणूस तरुण होता तेव्हा बदल्या मर्जीवर व्हायच्या. मुख्याध्यापकांना तुमचं हसणं आवडलं नाही, की तुम्ही गेलात. एकमत कार्यालयाच्या जिन्याखाली एका मोडक्या स्टुलावर तीन दिवस बसून राहिले आणि नियम लिहून घेऊनच उठले. वर्ग कमी झाला तर शाळेत जो शेवटी आला तो आधी जाईल, मग तो कुणाचाही लाडका असो. त्या एका नियमामुळे आमच्यासारखी कितीतरी माणसं घरदार मांडून सुखाने जगली. फक्त त्याच नियमाच्या पोटात बारीक अक्षरांत आणखी एक कलम आहे. संघटनेचा सचिव पदावर असेपर्यंत त्याची बदली होणार नाही. ते कधी आत शिरलं, हे बाकी कुणाला कळलं नाही.

यंदा आमच्या शाळेत पोरं कमी झाली. एक तुकडी बंद झाली आणि एका शिक्षकाने जावं असं पत्र आलं. शाळेत शेवटी आले होते ते स्वतः एकमत. नऊ वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले, कारण संघटनेची खोली आमच्या फाटकासमोर आहे. पण त्यांना कलमाचं कवच होतं. त्यांच्या आधी, अकरा वर्षांपूर्वी, आल्या होत्या विज्ञानाच्या बाई. पत्रावर नाव त्यांचं होतं.

नवी शाळा नदीपलीकडची. तिकडे पहाटे एक बस जाते आणि अंधार पडल्यावर तीच परत येते. विज्ञानाच्या बाईचं घर शाळेमागच्या गल्लीत आहे, आणि घरात तिचे वडील आहेत. त्यांना अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. आई नाही, भाऊ परदेशात जाऊन फोनपुरता उरलेला. सकाळी त्यांचं सगळं करून ती शाळेत येते. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडतो तेव्हा ती पळत घरी जाते, वडिलांना कुशीवर वळवते, चार घास भरवते आणि घंटा होताना परत येते. ओले हात पदराला पुसत वर्गात शिरताना मी तिला चार वर्षं रोज पाहते आहे. नदीपलीकडून मधल्या सुट्टीत घरी येता येत नाही, आणि तिकडे न्यावं म्हटलं तर साधा दवाखानाही नाही.

ती मला ताई म्हणते. मी तिला घेऊन संघटनेच्या खोलीत गेले. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतभर फाइली. एकमतांनी तिचं सगळं मन लावून ऐकलं, मान हलवली, डोळेसुद्धा जरा ओलावले. मग पेनाचं टोपण काढून म्हणाले, संघटना तुमच्या पाठीशी आहे, आपण तीव्र नाराजी व्यक्त करू. तिच्या गप्प बसण्याचा त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि दोन मिनिटं विचार करून तीव्र नाराजीवरून निषेधावर आले. एवढी चढती बढती मी तिथे कुणाला मिळालेली पाहिली नव्हती. तिने त्यांना नमस्कार केला आणि ती घरी गेली, कारण वडिलांच्या औषधाची वेळ झाली होती.

मी थांबले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर न लिहिलेलं वाक्य बोलले.

“साहेब, निषेधाने तिचे वडील कुशीवर वळणार नाहीत. तुम्ही पद सोडलंत तर ती राहील.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला बसा म्हटलं आणि संघटनेचं काय होईल ते समजावून सांगितलं. पुढच्या महिन्यात वेतनश्रेणीचं निवेदन आहे, वार्षिक अधिवेशन तोंडावर आहे, कार्यालयात त्यांना सगळे ओळखतात, नव्या माणसाला जिनासुद्धा सापडणार नाही. शिवाय एका सभासदासाठी सचिवाने पद सोडलं तर उद्या प्रत्येक जण तेच मागेल. बोलता बोलता त्यांनी टेबलावरची फाइल उचलून छातीशी धरली होती. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला, की मी पिशवी उचलली आणि चहा तसाच सोडून निघाले.

मंगळवारी संध्याकाळी भाजी निवडून झाली आणि मी बुधवार सकाळची वाट न बघता इतिवृत्त लिहायला बसले. विषय एक ते चार नेहमीसारखे. विषय पाचपाशी आले आणि हात थांबला. मग मी लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात: ‘सचिवांनी प्रकृतीच्या कारणास्तव आपल्या पदाचा राजीनामा सादर केला. सभेने तो एकमताने स्वीकारला. पुढील निवडीपर्यंत सहसचिव कार्यभार सांभाळतील.’ शेवटचं वाक्य लिहिताना पेन जरा अडखळलं, ते कबूल करते. पण कुणीतरी सांभाळायला हवंच होतं.

माझा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता. एकमत कधीही काही वाचत नसत. बुधवारी सकाळी मी कागद घेऊन त्यांच्या दारात जायची. ते एका पायात बूट घातलेल्या अवस्थेत चपलांच्या कपाटावर कागद ठेवून सही करायचे, पिशवीतून संघटनेचा शिक्का काढून मारायचे आणि जाता जाता पाकीट खिडकीत द्यायचे. चष्मासुद्धा लावत नसत.

त्या बुधवारीही ते दारातच होते. वहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, बैठकीच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होत्या. मी उगाच विचारलं, साहेब कागद वाचतात की नाही कधी? माझा आवाज मलाच परका वाटला. वहिनी हसल्या. म्हणाल्या, “घरातली पत्रंसुद्धा मीच वाचते. यांना लिहायची हौस, वाचायची नाही.”

माझा जीव जरा भांड्यात पडला. एवढ्यात एकमत म्हणाले, शिक्का आत राहिलाय, आणि एका पायात बूट, एका पायात मोजा असे कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. शिक्का नेहमी पिशवीत असायचा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. वहिनींचा एक शर्ट झाला, दुसरा झाला. साधारण दहा मिनिटांनी ते पाकीट चिकटवूनच बाहेर आले, दुसरा बूट चढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमचं अक्षर अजून तसंच आहे हं, बाई.” मी म्हटलं, हो. सुटले एकदाची, असं मनात म्हणत मी शाळा गाठली.

साडेचारला सभा भरली. विज्ञानाच्या बाई मागच्या बाकावर होत्या, आपल्या बदलीचा निषेध ऐकायला आलेल्या. मी माझ्या कच्च्या प्रतीतून वाचायला लागले. विषय पाच वाचला आणि वर्गात असं काही शांत झालं, की बाहेर शिपाईमामा कपबशा मांडत होते ते ऐकू यायला लागलं. सगळ्यांची डोकी एकमतांकडे वळली. माझं पुढचं वाक्य तयार होतं. कागद सकाळीच खिडकीत गेला आहे, आता तो खोटा म्हणायचा तर मागच्या एकोणीस वर्षांचे सगळेच खोटे म्हणावे लागतील, वेतनश्रेणीसकट. हे वाक्य मी रात्रभर घोटलं होतं. ते वापरायची वेळच आली नाही.

“इतिवृत्तात तसं आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे, साहेब.”

“कागद खिडकीत गेला?”

“तुम्हीच दिलात.”

“मग झालं तर,” ते म्हणाले आणि गुडघे सावरत बाकावरून उठले. फाइल त्यांनी बाकावरच ठेवली.

चित्रकलेचे सर छताकडे बघत होते, क्रीडाशिक्षक आपल्या शिट्टीशी चाळा करत होते. विज्ञानाच्या बाईची मान खाली होती. कलम सगळ्यांना ठाऊक होतं, कोण गेल्याने कोण राहणार हेही ठाऊक होतं, तरी जो तो गुळणी धरून बसला. मग चहा आला आणि सगळे चहाकडे वळले. एकमतांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

आठ दिवसांत नवा आदेश आला. विज्ञानाच्या बाई राहिल्या, एकमत नदीपलीकडे गेले. मला अपराधी वगैरे मुळीच वाटलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. उलट मी नवऱ्याला ती हकिगत तीनदा सांगितली, आणि दर वेळी माझी हुशारी थोडी वाढत गेली. न वाचता सही करणाऱ्याला आपण कसं त्याच्याच सहीत अडकवलं, हे सांगताना मला गुदगुल्या व्हायच्या. फाइल आता माझ्या काखेत असायची. व्हरांड्यातून मीही जरा लगबगीने चालायला लागले होते, असं नवव्या दिवशी शिपाईमामांनी हसत सांगितलं.

दोन आठवड्यांनी एकमतांचं पत्र आलं. वर डाव्या कोपऱ्यात प्रति, खाली विषय, सगळं रीतसर. ‘विषय: फळा नसणेबाबत.’ त्यांच्या नव्या शाळेत एकच वर्ग आहे, त्यात चार इयत्तांची सव्वीस मुलं बसतात आणि फळा तीन वर्षांपूर्वी पडून फुटला तो फुटलाच. आधीच्या शिक्षकाने संघटनेला दोनदा कळवलं होतं. मी जुन्या फाइली काढून पाहिल्या. दोन्ही वेळा चिंता व्यक्त केली होती, माझ्याच अक्षरात. पत्राच्या शेवटी सहीच्या वर एकच ओळ होती: ‘कृपया नाराजी व्यक्त करू नये. फळा पाठवावा.’

बंद झालेल्या तुकडीचा फळा आमच्याकडे भिंतीला टेकून पडलाच होता. चित्रकलेच्या सरांनी आणि क्रीडाशिक्षकांनी तो पहाटेच्या बसवर चढवला. ठराव न करता झालेलं संघटनेचं हे पहिलं काम, त्यामुळे ते नोंदवायचं कुठे हे कुणाला सुचेना. उलट टपाली पोच आली. फळा मिळाला, एक कोपरा दुखावला आहे, त्याबद्दल नाराजी. पुढे लिहिलं होतं, की अपूर्णांक सुरू केले आहेत, मुलं अनुमोदन देत नाहीत, का ते विचारतात, फार त्रास होतो.

त्याच सुमारास राजीनाम्याचं इतिवृत्त कार्यालयाचा शिक्का लागून परत आलं. असा परत आलेला कागद आम्ही वहीत चिकटवतो आणि पुढच्या सभेत वाचून कायम करतो. मी डिंक लावायला घेतला आणि विषय पाचवर नजर गेली. माझ्या काळ्या शाईत निळी शाई होती. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ हे माझे शब्द पट्टी लावून नीट खोडले होते. वर त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, ‘स्वेच्छेने’. आणि माझ्या शेवटच्या वाक्याखाली, दोन ओळींच्या फटीत कसंबसं बसवलेलं: ‘सभेने सचिवांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. सर्व सभासदांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला.’

मी डिंकाची बाटली हातात धरून तशीच बसले. आधी मला हसू आलं. बाई गं, जातानासुद्धा टाळ्या स्वतःच लिहून घेतल्या या माणसाने. मग तीच ओळ पुन्हा वाचली आणि हसू कुठल्या कुठे गेलं. त्या दहा मिनिटांत, एका पायात मोजा घालून, त्यांनी सगळं वाचलं होतं. कागद फाडून माझ्या तोंडावर फेकता आला असता. खिडकीत न देता खिशात ठेवता आला असता. माझी युक्ती त्यांनी गृहपाठासारखी तपासली, चूक होती तिथे दुरुस्त केली आणि सही करून स्वतःच्या हाताने खिडकीत दिली. सभेत जे दोन प्रश्न विचारले, ते मला पेचात पकडायला नव्हते. कागद रीतसर गेला आहे, एवढंच त्यांना सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं असावं. टाळ्यांची ओळ माझ्या कच्च्या प्रतीत नव्हती, आणि त्यांनी तीही गोष्ट सोडून दिली.

मला लाज वाटली. आणि तरी टाळ्यांवरून अजून थोडा राग होताच. दोन्ही एकदमच वाटत होतं.

पुढच्या बुधवारी महिन्याची सभा भरली. आता इतिवृत्त नवे सहसचिव लिहितात. ते म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक, अक्षर भयंकर, त्यामुळे मी सही करण्याआधी प्रत्येक ओळ डोळे फाडून वाचते. त्यांनीही रिवाजाप्रमाणे सकाळीच लिहून दिलं होतं आणि दुपारी बाराच्या आत मी ते खिडकीत दिलं होतं. विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वही उघडली आणि या वेळी पक्कं वाचलं. ‘स्वेच्छेने’ वाचलं, कृतज्ञता वाचली, टाळ्यांचा कडकडाट वाचला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चित्रकलेच्या सरांनी विचारलं, आपण वाजवल्या होत्या का?

“इतिवृत्तात आहे,” मी म्हटलं. “शिक्का पडलेला आहे. कायम करायचं का?”

आमच्या संघटनेत आजवर इतिवृत्त कायम न करण्याचा प्रसंग आलेला नाही. पण जे झालंच नाही ते झालं म्हणायला त्या दिवशी कुणाचा हात उठेना, जणू हे कुणी पहिल्यांदाच मागत होतं. तेवढ्यात मागच्या बाकाचा आवाज झाला. विज्ञानाच्या बाई उभ्या राहिल्या होत्या. बाक लहान, त्यामुळे गुडघा आपटला असावा, कारण त्यांनी क्षणभर तो चोळला. मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीच्या टाळ्या त्या वर्गात फार मोठ्या वाटत होत्या. मग चित्रकलेचे सर उठले, मग क्रीडाशिक्षक, मग एकेक करत सगळेच, बाकांवरून धडपडत, गुडघे सोडवत. शिपाईमामा किटली घेऊन दारात आले आणि काय चाललंय ते न कळून त्यांनीही किटली खाली ठेवली.

मी वही बाजूला ठेवली आणि वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या. या टाळ्यांची मात्र कुठेही नोंद नाही, कारण त्या सभेचं इतिवृत्त दुपारीच खिडकीत गेलं होतं.